पडद्याच्या कडा

छापखान्यात तिला सगळे अक्काच म्हणायचे. पुस्तकांची पानं संगणकावर लावण्यात तिची बावीस वर्षं गेली होती, आणि डोळे जपायला सांगत ती सगळ्यांच्या हात धुऊन मागे लागायची. दर वीस मिनिटांनी स्वतः खिडकीबाहेर लांब बघणार, दुसऱ्यालाही बघायला लावणार. "डोळे काय भाड्यानं आणलेत का रे?" पडद्याचा उजेड मंद, अक्षर मोठं, थेंबांची बाटली पर्समध्ये. आणखी काय करायचं हो माणसानं?

गेल्या तीन वर्षांत तिला एक खोड जडली होती. अक्षरांच्या, रंगांच्या ज्या चौकटी पडद्याच्या कडेला असतात, त्या ती ओढून मध्ये आणायची. आधी बोटभर, मग वीतभर. शेवटी पान मधोमध आणि सगळा पसारा त्याच्या उरावर. मुद्रितं तपासणारे मास्तर चिडवायचे, "अक्का, पानावर संसार थाटलास की!" ती म्हणायची, "हाताशी बरं पडतं." आणि तिला मनापासून तसंच वाटत होतं, बिचारीला.

मग मास्तर रजेवर असताना एका पुस्तकाची सोळा पानं कोपऱ्यातल्या पान-आकड्यांशिवाय छापून आली. शेवटची नजर अक्काची होती. रजेवरून आल्यावर मास्तरांनी पान तिच्यासमोर धरलं. "आकडा कुठाय?" कोपरा शोधायला अक्कानं अख्खी मान वळवली. मास्तरांचा राग तिथंच विरला.

"उद्या डोळे दाखवून ये," ते म्हणाले.

"नंबर वाढला असेल, त्यात काय एवढं!" अक्का फणकारली. पण गेली.

दवाखान्यात तिनं तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला, आणि जरा तोऱ्यातच डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांतला दाब मोजला आणि तिला एका पांढऱ्या मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, कुठंही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मधले चार-पाच चमकले. मग काहीच नाही. अक्का थांबली, कंटाळली.

"अगं, हे बंद पडलंय वाटतं."

तपासणारी मुलगी हळूच म्हणाली, "नाही काकू. चालूच आहे."

काचबिंदू होता. तो संगणकामुळं झालेला नव्हता आणि डोळ्यांना विसावा देऊन टळणाराही नव्हता. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. गेलेली परत येत नाही, औषधानं उरलेली सांभाळायची, असं बाईंनी समजावून सांगितलं.

"तीन वर्षं मी त्या खिडकीबाहेर बघत बसले हो," अक्का म्हणाली. "वर्षातून एकदा इथं आले असते तर..." तिथंच खुर्चीत तिला रडू कोसळलं.

निघताना बाई म्हणाल्या, "हा रक्तातून येऊ शकतो. मुलीला घेऊन या."

लेक दिवसभर घरीच संगणकावर काम करायची. आईचं ऐकून तिचे डोळे भरून आले, पण स्वतःचा विषय निघाल्यावर तिनं तो उडवूनच लावला. "मला काय धाड भरलीय? मला सगळं स्वच्छ दिसतं, आई."

"मलाही स्वच्छच दिसत होतं गं," अक्का म्हणाली. "ऊठ, चपला घाल."