काजळवाली पाव्हणी

आमच्या खानदानात पहिली पदवी माझी. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, तेही रोज ब्रह्मपुरीच्या जीपमध्ये कोंबून घेऊन. त्यामुळे नागपूरच्या मैत्रिणीची बदली झाली आणि आपली ससीण कुणाला द्यावी हा प्रश्न तिला पडला, तेव्हा तिला मीच आठवले यात मला काही नवल वाटलं नाही.

ससीण जेमतेम किलोभराची. पूर्ण वाढलेली, तरी ओंजळीत बसणारी. अंगभर पांढरी आणि दोन्ही डोळ्यांभोवती बारीक काळी कडा. या जातीला ड्वार्फ होटो म्हणतात. परदेशातली जात, तिथंही कमीच दिसते. हे सगळं मी आईला नीट समजावलं. तिनं ऐकून घेतलं, पदराचं टोक ओलं केलं आणि ससिणीचा डोळा पुसून पाहिला.

"निंगत नाई वो," ती म्हणाली. "जन्माचंच काजळ आहे इचं."

बाबांनी लांबूनच पाहिलं. "हिची तं एका माणसापुरती भाजीबी होत नाई."

त्या दिवसापासून ते तिला पाव्हणी म्हणू लागले. पाव्हणी जेवली का? पाव्हणी जाणार कधी? मी नागपूरहून सुक्या गवताची पाकिटं मागवली होती. पाव्हणीनं त्यांना तोंड लावलं नाही. बाबा बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, पाळीवरून मूठभर हरळी आणत, ती मात्र पाव्हणी काडीकाडीनं संपवी. "शिकलेलं गवत नाई चालत इले," बाबा म्हणत.

मैत्रिणीनं जाताना एकच गोष्ट बजावली होती. ऊन सांभाळ. फार तापलं की ही जात टिकत नाही. आता आमच्याकडं होळी झाली की पत्रे चटके देतात, आणि मे महिन्यात तर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण मला घोर नव्हता. कॉलेजात नोकरी लागल्यावर मी घराच्या पुढच्या बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. टाईल्स, मोठा कूलर, सगळं. पिंजरा कूलरच्या समोर ठेवला.

मागं जुनी मातीची खोली उरली होती. जाड भिंती, वर कवेलूंचं कौलारू छप्पर, आत वाळूवर मांडलेले पाण्याचे माठ. ती पाडून तिथं बाथरूम बांधायचं मी ठरवलं होतं, मिस्त्रीलाही सांगून झालं होतं. अडचण एकच. बाबा अजून दुपारी तिथंच झोपत. मी किती वेळा म्हटलं, पुढं कूलरमध्ये झोपा. ते हो म्हणत आणि चादर उचलून मागं जात. मला ते लागायचं. पोरीनं घर बांधलं आणि बाप मागच्या खोलीत पडतो, हे लोकांनी पाहावं का?

मेच्या मधल्या एका दिवशी मी कॉलेजात परीक्षेच्या कामावर होते. दुपारी एकला आईला फोन केला.

"लाईन दहापासून गेली आहे," ती म्हणाली.

"आणि ससीण?"

"धापा टाकून राह्यली. कान तापले तिचे."

मी म्हटलं, कान ओल्या फडक्यानं पूस, शेजाऱ्यांच्या फ्रीजमधून बर्फ आण. शेजाऱ्यांचीही लाईन गेली असणार, हे फोन ठेवल्यावर सुचलं. पुन्हा लावला तर उचलला नाही. काम सोडता येईना. तीनची बस मिळाली. खिडकीतून तोंडावर भट्टीची हवा येत होती आणि मी मनात मैत्रिणीला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते.

घरी पोचले तर पिंजरा उघडा, रिकामा. स्लॅबखाली उभं राहवत नव्हतं. आई दिसेना. मला वाटलं, ससिणीला पुरायला नेलं.

मी मागं धावले. मातीच्या खोलीत आधी काही दिसलंच नाही, डोळ्यांत ऊन होतं. मग बाबा दिसले, सारवलेल्या जमिनीवर उताणे. आई माठाशी बसून वाळूवर पाणी शिंपडत होती. आणि माठाच्या बुडाशी, ओल्या वाळूला पोट लावून, पाव्हणी. नाक हळू हलत होतं. मी कानाला हात लावला. गार.

"मी नाई आणली," आई म्हणाली. "तुह्या बापानं आणलन. मले म्हणे, पोरगी येईपर्यंत ही तिथंच भाजून निंगते."

बाबा डोळे मिटूनच होते. "तुह्या पुस्तकात मातीचं घर नाई का वो?"

मी पर्स बाजूला ठेवून तिथंच जमिनीवर आडवी झाले. कॉलेजात पंख्याखालीही वाळला नव्हता तो घाम तिथं वाळला. तेव्हा मला कळलं की बाबा माझ्या घरावर रुसले नव्हते. त्यांना पुढच्या खोल्यांत फक्त उकडत होतं, आणि मी नाराज होईन म्हणून ते तसं बोलले नव्हते.

मृगाच्या आधी मिस्त्री आला, भिंत पाडायची सब्बल घेऊन. बाबा पाव्हणीला मांडीवर घेऊन दारात बसले आणि तिच्या दोन कानांच्या मधे बोट फिरवत राहिले.

"कुठून पाडू, मॅडम?"

"पाडायचं नाही," मी म्हटलं. "फुटके कवेलू बदला. बाथरूम विहिरीकडं बांधू."

मिस्त्रीनं बाबांकडं पाहिलं. बाबांनी ससिणीकडं.

"ऐकलंस ना," ते तिला म्हणाले. "आता जायचं नाव घेऊ नको."