सलग दहा फोरहँड

दणक्याला लोक दणक्या म्हणायचे ते काही लाडानं नव्हे. जुन्या गाड्या तोडायच्या यार्डात तो वीस वर्षं घण मारत होता. नट गंजला की बाकीचे पाना लावायचे, तेल सोडायचे, अर्धा तास खटपट करायचे. हा दोन घाव घालायचा की काम फत्ते. मालक खूश! पण यार्डात चालतं ते घरात चालत नाही, ही साधी गोष्ट बेचाळिसावं लागलं तरी ह्या माणसाच्या डोक्यात शिरली नव्हती. सांगायला कोण जाणार? त्याच्याच कानाखाली जाळ निघायचा.

चार महिन्यांपूर्वी त्याची लेक मैदानावरून हनुवटी सुजवून घरी आली. सोळा वर्षांची पोर, फ्रिसबी खेळते. प्लास्टिकची चपटी डिस्क एकमेकांकडे फेकत पुढे सरकायचं, शेवटच्या पट्ट्यात झेलली की गुण.

"डिस्क लागली," ती म्हणाली.

"कुणी मारलं? नाव सांग."

"कुणी नाही हो बाबा, खरंच."

झालं! तळपायाची आग मस्तकात. पोरगी खोटं बोलते म्हणून ह्यानं हात उगारला, बायको मध्ये पडली, आणि ह्यानं तिचं मनगट धरून असं पिरगाळलं की काडकन वाजलं. नळ धो धो चालू होता, तरी तो आवाज तिघांनाही ऐकू आला. दुसऱ्या दिवशी, हाताला प्लास्टर झाल्यावर, मायलेकी मेहुण्याकडे राहायला गेल्या.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा, सडपातळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दणक्या पहिल्यांदा गेला तो त्याच्या दाराला लाथा घालायला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा खिडकीची काच फोडून आला. तिसऱ्यांदा मात्र कुलूप लावलेलं आपलं घर त्याला खायला उठलं होतं, म्हणून तो नुसता पायऱ्यांवर बसून राहिला. दोन तास! शेवटी आतून बायको म्हणाली, "मी काही बोलणार नाही. पोरगी म्हणेल तसं."

पोरगी डिस्क घेऊन बाहेर आली आणि चार हात लांब उभी राहिली.

"सलग दहा फोरहँड," ती म्हणाली. "वीस पावलांवरून, थेट माझ्या हातात. दहा झाले की आम्ही घरी येऊ. एक जरी पडली तरी परत एकपासून."

"एवढंच?" दणक्या हसला. "ताटली तर फेकायची!"

"ताटली नाही, डिस्क. आणि हसू नका. रागात फोरहँड जात नाही."

पुढच्या रविवारी सकाळी मैदानावर तिनं त्याला ही फेक शिकवली. पहिली दोन बोटं डिस्कच्या आतल्या काठाला, अंगठा वर, तळहात आभाळाकडे, कोपर कमरेजवळ. "आणि फेकायची मनगटानं," ती म्हणाली.

इथंच घोळ झाला बघा. मनगट म्हटलं की दणक्याला एकच अर्थ ठाऊक. मनगटात जोर असेल त्याचं जग, असं त्याचा बाप म्हणायचा आणि म्हणता म्हणता बडवायचा. दणक्यानं दातओठ खाल्ले, खांद्यापासून सगळा जीव गोळा केला आणि दिली सोडून. डिस्क हवेत उलटी झाली, तिरकी गेली आणि पाच पावलांवर मातीत तोंड खुपसून पडली. दुसरी त्याहून जोरात, त्याहून वाईट. विसावीला त्याचा संयम संपला. त्यानं डिस्क पायाखाली घेतली आणि चिरडली.

पोरीनं पिशवीतून दुसरी काढली.

"जोर नाही, बाबा. झटका. हात धुतल्यावर पाणी कसं झटकता, तसं."

पण पाणी झटकायचा तोही असा, की समोरची भिंत ओली व्हावी! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसली गत.

मग त्यानं यार्डातच सराव धरला. मोडीत आलेल्या गाडीतला सीटबेल्ट कापून आणला, दंडाभोवती गुंडाळून कमरेशी करकचून बांधला, म्हणजे खांदा हलायलाच नको. समोर एक बिनदाराची व्हॅन होती, तिच्या आत डिस्क टाकायची. जेवणाच्या सुट्टीत रोज हेच. आठवड्याभरानं पहिली डिस्क सरळ गेली. अगदी सरळ, आवाज न करता. दणक्या तिथंच उभा राहून बावळटासारखा हसत होता.

गॅसकटर चालवणाऱ्याला ते बघवलं नाही. "काय दणक्या," तो ओरडला, "बायकोचा हात मोडलास, आता स्वतःचा जेरबंद केलास होय?"

सगळं यार्ड हसलं. दणक्यानं पट्टा ओरबाडून काढला, दोन ढांगांत कटरवाल्याची गचांडी धरली आणि त्याला एका बॉनेटवर उताणा आपटला. डाव्या हातानं गळा, उजव्या हातात घण. घण खाली आला तो कानापासून वीतभर अंतरावर. पत्रा आत गेला, कटरवाल्याच्या कानातून रक्त आलं, आणि त्याची विजार ओली झाली. मग कुणी हसलं नाही.

दणक्या परत व्हॅनसमोर गेला. पण त्या दिवशी एक डिस्क सरळ जाईल तर शपथ! चाळीस फेकल्या, चाळीसही पडल्या. माणसं त्याला घाबरून गप्प बसायची. ही थाळी काही गप्प बसेना. आत राग असला की भर मैदानात चुगली करायची. पोरगी काय म्हणत होती ते त्याला तेव्हा कळलं, आणि कळलं म्हणून त्याला आणखी राग आला.

तरी त्यानं सोडलं नाही. पोरीवर जीव होता हो त्याचा. दाखवायची रीत सैतानाची, पण जीव होता. रविवारी सलग तीन झाले. पुढच्या रविवारी पाच. मग एकदम दोनावर आला, कारण सकाळी दूधवाल्याशी हातघाई करून आला होता. मग सात. महिनाभर तो यार्डात कुणाच्या वाटेला गेला नाही. कटरवाल्याला स्वतःहून चहा नेऊन दिला. तो बिचारा भीतीनंच प्यायला. घरी आल्यावर दणक्या बायकोच्या पलंगाची चादर नीट करायचा आणि खाली जमिनीवर झोपायचा.

त्या रविवारी वारा नव्हता. पोरगी वीस पावलांवर, मेहुणा कडेच्या बाकावर, पलीकडे तिच्या संघातली पोरं अंग मोकळं करत होती. एक गेली, दोन गेल्या. पाच, सहा. सातवी थोडी डुलली, तरी पोरीनं झेलली. आठवी तर अशी आली की पलीकडची पोरं "वा, काका!" म्हणाली. नववीला पोरगी हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा!

दहावी जरा खाली गेली. पोरगी झेपावली, बुटाच्या नाडीपाशी तिनं ती दोन्ही हातांत पकडली आणि आडवी पडली.

"दहा!" दणक्या ओरडला. "झाले दहा!"

"लागली की खाली," बाकावरून मेहुणा हळूच म्हणाला.

"तुला कुणी विचारलं रे? ए पोरी, सांग ह्याला!"

पोरगी उठली. गुडघे झटकले. डिस्ककडे बघितलं.

"लागली, बाबा."

"खोटं! मी बघितलंय!"

"ह्या खेळात पंच नसतो. ज्याच्या हातात असते त्यानंच खरं सांगायचं. लागली."

"खोटारडी! सगळी तुम्ही एका माळेचे मणी!" तो तिच्या दिशेनं निघालाच. मेहुणा धावत मध्ये आला, हात पसरून, "भावोजी, ऐका..." एवढंच म्हणाला. पुढचं दणक्याच्या मुठीनं म्हणू दिलं नाही. चष्मा फुटला, नाकाचं हाड आत गेलं, काचेचा तुकडा भुवईत घुसला. मेहुणा गुडघ्यावर आला तरी दुसरा ठोसा पडला, आणि तिसरा. सहा पोरांनी मिळून दणक्याला मागं ओढलं. एक मुलगी पोलिसांना फोन करत होती.

पोरगी मामाजवळ बसली. अंगावरचा जादा टीशर्ट काढून तिनं त्याच्या तोंडावर दाबला. रडली नाही.

"लागली होती, बाबा," ती म्हणाली. "लागू नये असं मलाही वाटत होतं. घरी यायला आईनं सकाळीच पिशव्या भरल्यात."

पोरांनी धरलेले हात दणक्यानं सोडवून घेतले नाहीत. तो तिथंच खाली बसला.

पोलीस आले. मेहुण्याला गाडीत घातलं, मग त्यातल्या एकानं वही काढली. "कुणी मारलं?"

चार महिन्यांपूर्वी दवाखान्यात डॉक्टरनं असंच विचारलं होतं. तेव्हा बायको खाली मान घालून बसली होती, आणि दणक्या म्हणाला होता, पायरीवरून पडली.

"मी मारलं," तो म्हणाला.

पोलीस लिहायला लागला.

"आणि बायकोचा हात मोडला होता, तेही लिहा. ती पडली नव्हती. तोही मीच."

पोरगी मामाच्या शेजारी गाडीत चढत होती. ती थांबली, पण वळली नाही.