हाकणाऱ्याची जागा

पन्नाशीच्या तोंडावर मी गाडी शिकायला घेतली आणि माझ्या आधी ही बातमी अख्ख्या शिवाजी पेठेत फिरून घरी पोचली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, पण स्टिअरिंगपुढे बसल्यावर तोंडातून शब्द फुटेना. नवरा गाडी उत्तम चालवतो आणि ते उठता-बसता ऐकवतो, त्यामुळे त्याच्याकडून शिकायचा प्रश्नच नव्हता. मी सरळ ड्रायव्हिंग स्कूल गाठलं.

हा सगळा हट्ट आबांपायी होता. आबा म्हणजे माझे वडील. हातकणंगल्याच्या पलीकडे गावात आई गेल्यापासून एकटेच राहायचे. जन्मभर म्हशी राखल्या. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा शेवटची म्हैस विकली आणि त्यानंतर गोठ्याकडे पाठ करून बसू लागले. धड जेवायचे नाहीत, धड बोलायचे नाहीत. आमच्याकडे राहायला चला म्हटलं की नुसती मान हलायची. मला त्यांची काळजी लागून राहिली होती. शेवटी एकदा वैतागून म्हणाले, "जावयाच्या गाडीतनं गठुळ्यागत न्हाय यायचा मी. तू आण, मग बघू."

त्यांना वाटलं, विषय मिटला. माझा हट्टी स्वभाव मुळात त्यांच्याकडूनच आलाय, हे ते विसरले.

त्याच सुमारास वर्गात 'ड्राइव्ह' हे क्रियापद निघालं. पोरांना एकच अर्थ ठाऊक. मी त्यांना कोश उघडायला लावला. खिळा ठोकणं, एखाद्याला वेड लागायची पाळी आणणं, हुसकून लावणं, हे सगळं ड्राइव्हच. आणि या शब्दाचं मूळ गाड्यांच्या कितीतरी आधीचं. मागून रेटत पुढे नेणं, जनावरं हाकणं. कळपाला इंग्रजीत 'ड्रोव्ह' म्हणतात, तोही याच घरातला. सांगता सांगता मला एकदम गोठ्याचा वास आला. शाळा सुटली की मी आबांबरोबर म्हशी घेऊन ओढ्याला जायची. म्हणजे ड्रायव्हिंग मला लहानपणापासून येत होतं, फक्त लायसन नव्हतं. त्याच तोऱ्यात मी ट्रायलला गेले.

गाडी छान चालली होती. शेजारी आरटीओचे साहेब कागद मांडीवर घेऊन बसले होते. मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला. मी गाडी डाव्या अंगाला घेतली आणि थांबवली. टेम्पो गेला, मी निघाले. पुढे एका ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. मी पुन्हा कडेला.

"मॅडम, सारखं का थांबताय?" साहेबांनी विचारलं.

"मागनं गाडी आली की."

"येणारच की. रस्ता हाय ह्यो."

मी नापास झाले. घरी येऊन भांडी आदळत असताना डोक्यात प्रकाश पडला. मागून हॉर्न आला की म्हशी डावीकडे दाबायच्या आणि वाहन पुढे जाईस्तोवर उभं राहायचं, हे आबांनी पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं. मी विसरले होते, माझे हात विसरले नव्हते.

आबांना फोनवर हे सांगितलं तर ते खोकला येईपर्यंत हसले. म्हैस गेल्यापासून त्यांना हसताना मी ऐकलं नव्हतं. मग आपणहून म्हणाले, "परत कवा हाय ट्रायल?" नापास झाल्याचं मला त्या क्षणी काहीच वाटेनासं झालं.

दुसऱ्या खेपेला पास झाले आणि रविवारी गाव गाठलं. आबा पटका बांधून, काठी घेऊन दारातच उभे होते. पिशवी भरलेली होती. मी पुढचं दार उघडलं. त्यांनी ते लावून टाकलं आणि मागे जाऊन बसले.

"पुढं बसा की आबा."

"हाकणारा मागं असतोय."

कोशातही हेच लिहिलंय. मी स्टिअरिंगपुढे जाऊन बसले.

शिरोलीला कारखान्यातून निघालेला एक ट्रक पाठीशी लागला आणि त्यानं लांबलचक हॉर्न दिला. माझे हात डावीकडे वळू लागले. तेवढ्यात मागून जिभेचा आवाज आला, टक् टक्. म्हैस रेंगाळली की आबा तोच आवाज करायचे.

"वरडू दे त्याला. तू चल."

मी गाडी चालवत राहिले. थोड्या वेळानं ट्रक बाजूनं निघून गेला. पंचगंगेचा पूल आला, शहरातली घरं दिसायला लागली, आणि आबांनी काचेतून बाहेर बघत विचारलं, "माझी खाट कुठं टाकलीयास?"

डोळे भरून आले. पण समोरचा रस्ता दिसायला हवा होता, म्हणून रडायचं घरी पोचेपर्यंत राखून ठेवलं.