शंभर इंचांची गोधडी

"शंभर म्हणाली होतीस ना? मग आता ऐंशी कुठून आले?" मुलाने टेप जमिनीवर टाकला.

"शिलाईने खाल्ले," कॉलरबाई म्हणाल्या.

"वीस इंच? ती शिलाई आहे का म्हैस?"

"हळू बोल. छोटी झोपलीये आत."

"आत सगळे झोपतात गं. बाहेर बाकावर मी एकटाच असतो. पाठीचं फळकूट झालंय माझं."

खुर्चीतून बाबांनी तोंड घातलं. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, मागे न बघता बोलायची सवय. "रविवारी जावई येतायत. फोनवर मी शब्द देऊन बसलोय, तुमच्या पलंगाच्या मापाची गोधडी सोबत पाठवतो म्हणून. आता पलंगाच्या कडा उघड्या टाकायच्या का? रुसून आलेली मुलगी परत जाताना काहीतरी मानाचं हातात नको?"

मोरीशी लेक कप विसळत होती. 'परत' हा शब्द आला तेव्हा तिने नळ जरा मोठा केला.

कॉलरबाईंचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. शर्टांच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कॉलरी शिवल्या होत्या. माणूस भेटला की त्यांची नजर आधी गळ्यावर जायची, चेहऱ्याकडे मग सवडीने. जावयाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्यांनी एवढंच टिपलं होतं की कॉलर कडक आहे, टोकं सारखी आहेत, माणूस नीटनेटका दिसतो. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला तसं सांगितलं होतं आणि स्थळ पक्कं झालं होतं.

कारखाना सोडताना कटिंगवाल्या मास्तरांनी त्यांना उरल्यासुरल्या ताग्यांच्या चाळीस पट्ट्या कापून दिल्या. सगळ्या अडीच इंची, लांबीला भरपूर. गोधडी शिवाल तेव्हा आमची आठवण काढा, म्हणाले. पट्ट्या कपाटात पडून राहिल्या. लेक बॅग आणि आपल्या छोटीला घेऊन दारात उभी राहिली त्याच आठवड्यात त्या बाहेर निघाल्या, कारण घरात कुणालाच काय बोलावं ते सुचत नव्हतं आणि मशीन चालू असलं की बोलावं लागत नाही. चाळीस गुणिले अडीच, शंभर. सहा फूट रुंद पलंग झाकून दोन्हीकडे चौदा-चौदा इंच खाली येईल. हा हिशोब कॉलरबाईंनी उभ्याउभ्या सांगून टाकला.

चूक कॉलर लाइनवरच्या बाईकडूनच होईल अशी होती. तिथे कुणी अडीच म्हटलं की ते शिवून झाल्यावरचं अडीच असायचं. शिलाईत आत जाणारी दाबाची जागा कटिंगवाले आधीच सोडून द्यायचे, शिवणारीने त्याचा विचारच करायचा नसे. मास्तरांच्या पट्ट्या मात्र कापलेल्या अडीच होत्या. एका बाजूने पाव, दुसऱ्या बाजूने पाव आत गेलं की उरतात दोन. आठ पट्ट्या जोडून त्यांनी टेप लावला तर वीसच्या जागी सोळा. त्यांनी टेप उलटा करून पाहिला. मग चाळीस पट्ट्यांचे ऐंशीच होणार हे त्यांना कळलं, आणि घरात सांगावं लागलं.

"त्यात काय एवढं! बाजूने किनार लाव," मुलगा म्हणाला आणि चपला घालून गेलासुद्धा. त्याचं लग्न ठरत होतं, आतली खोली त्याला हवी होती, आणि तो वाईट मुलगा नव्हता. चांगलं जाड निळं कापड घेऊन आला. "घे. दोन्हीकडून दहा-दहा. झाले तुझे शंभर. आता रडू नकोस."

"मी कुठे रडतेय?"

"तुझ्या मशीनला म्हणालो."

किनार बेतायची म्हणजे कॉलरबाई पांघरणाऱ्याला जमिनीवर आडवं करत. टेप खोटं बोलत नाही, पण माणूस झोपतो कसा हे त्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्या फरशीवर पडून घेतलं होतं. बाबा आणि मुलगा फिरायला गेल्यावर त्यांनी खडूने पलंगाचा चौकोन आखला आणि लेकीला हाक मारली.

"ये. तुझ्या बाजूला आडवी हो."

लेक आली. चौकोनाच्या अगदी कडेला कुशीवर पडली, गुडघे पोटाशी, हात छातीशी घट्ट. पाठीमागे फरशी मोकळी पसरली होती.

"अगं, नीट पड. नेहमी झोपतेस तशी."

"अशीच झोपते."

"लहानपणी तर चारही दिशांना पसरायचीस. तुझ्या लाथा खाल्ल्यात मी."

 छताकडे न बघता, खडूच्या रेघेकडे बघत लेक म्हणाली, "हललं की त्यांची झोप मोडते."

"मग?"

"मोडली की खोलीबाहेर काढतात. मग मी आणि छोटी खुर्चीवर. उजाडेपर्यंत."

"किती वेळा झालं असं?"

"आता नाही होत फारसं. आता मी हलतच नाही."

कॉलरबाई गुडघ्यांवर बसल्या आणि खडूने लेकीच्या भोवती रेघ ओढली. हात सवयीने चालला. लेक उठल्यावर त्यांनी टेप लावला. अठरा इंच. कारखान्यातलं बसायचं बाकडं याहून रुंद होतं.  लेकीने फडकं आणलं, तेव्हा म्हणाल्या, "राहू दे. पुसू नकोस इतक्यात."

मग कोपऱ्यातल्या पट्ट्यांचे त्यांनी दोन ढीग केले.

बाबा आणि मुलगा आले, रेघा ओलांडून जेवायला बसले. निळं कापड अजून घडीतच आहे हे मुलाने पाहिलं.

"लावली नाहीस?"

"लावणार नाही."

"अगं, मग शंभर कसे होणार?" बाबा म्हणाले. "रविवार तोंडावर आलाय."

कॉलरबाईंनी सगळ्यांची ताटं वाढून घेतली आणि मग बसल्या.

"सव्वीस पट्ट्यांची एक होईल, बावन्न इंची, आतल्या कॉटवर हिला. चौदाची एक छोटीला. अहो, जावयांना फोन करा, रविवारी येऊ नका म्हणावं. ही जाणार नाही. आणि तू," त्या मुलाकडे वळल्या, "लग्न झाल्यावर राहायला खोली बघ. आतली खोली तिची."