गुडघ्यांची फाईल

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी सायकलवरून पडलो. पडलो म्हणायलाही थोडा संकोच वाटतो, कारण त्यासाठी सायकल चालू असावी लागते आणि माझी तेव्हा उभी होती. विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्याने पुढे गेलं की एक टेकडी लागते. रविवारी सकाळी तरुण मुलं तिथे माउंटन बाइक घेऊन येतात आणि दगडधोंड्यांवरून सुसाट खाली उतरतात. त्या उतारावरून मी दोन्ही ब्रेक दाबत, जीव मुठीत धरून, सुखरूप खाली आलो होतो. पायथ्याशी सपाट जागी थांबलो. मुलीला फोटो पाठवावा म्हणून खिशात हात घातला आणि उभ्या उभ्या सायकलसकट डावीकडे आडवा झालो. गुडघा मुरमावर आपटला. एक मुलगा धावत आला आणि म्हणाला, "काका, ऑल ओके? पण तुम्ही तर थांबला होतात ना?" मी म्हणालो, "हो."

सायकल मुलीनेच दिलेली. ती आयटीत आहे. माझी साखर जरा वर गेल्याचा रिपोर्ट तिने पाहिला आणि आठवड्याच्या आत जाड टायरांची ही सायकल दारात आली. मला साधी सायकल चालली असती, पण कुणीतरी 'माउंटन बाइक' म्हटलं की माणसाला उगाचच आपण काटक असल्यासारखं वाटतं.

बायकोने गुडघ्यातली खडी काढली, हळद भरली आणि विचारलं, "अहो, तुम्हाला सायकल चालवायची होती, की नुसतंच पडायचं होतं?" आईला मात्र मी सांगितलं, ऑफिसच्या जिन्यात पाय घसरला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने गुडघ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या मातीने भरलेल्या सायकलकडे पाहिलं आणि म्हणाली, "जिना फार खडबडीत दिसतोय."

पण खरी पंचाईत पुढच्या रविवारी झाली. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेला आमच्या घरातलं कुणीतरी पुढच्या रांगेत असतंच. गेली कित्येक वर्षं हे कुणीतरी म्हणजे आई. पांढरी साडी, पहिली रांग, खांबाशेजारची जागा. गुडघे टेकायचे, कपाळ फरशीला लावायचं, असं तीन वेळा. खाली जाताना आणि वर येताना तिचा हात माझ्या खांद्यावर असतो, म्हणजे मला शेजारी गुडघे टेकून बसावं लागतं. वंदनेतलं माझं काम एवढंच, आणि ते मी मन लावून करत आलो होतो.

त्या रविवारी मला गुडघा टेकवेना. मी मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. दोघीतिघींनी आईला हात दिला, पण तिने "नको" म्हटलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. म्हणाली, "तू खाली बसायला लागेपर्यंत मीपण इथंच." पुढच्याही रविवारी तसंच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी खांबाशेजारी दुसरी एक बाई बसलेली दिसली. मला फार वाईट वाटलं. एका फोटोपायी मी माझ्या आईला तिच्या जागेवरून उठवलं होतं. तिला परत तिथे बसवायचं तर गुडघा बरा व्हायला हवा होता, आणि बरा झाल्यावर पुन्हा फुटता कामा नये होता. सायकल सोडणे हा एक मार्ग बायकोने सुचवला. मी त्याची नोंद घेतली.

आता मी सरकारी नोकर आहे. आमचं कार्यालय येरवड्यात. तिथे साधी खुर्ची घ्यायची तरी तीन ठिकाणची माहिती मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, खाली शेरा मारायचा, अशी माझी तीस वर्षं गेली आहेत. त्यामुळे नी-पॅड घ्यायचे ठरल्यावर मी सर्वप्रथम काय केलं, तर फाईल उघडली. तक्त्यात रकाने आखले: पकड, हवा खेळणे, घसरणे, काढघाल, टणकपणा, आणि शेवटी 'वापरणाऱ्याचे मत'. हा रकाना आखताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे आता कबूल करतो.

पहिली जोडी मुलांच्या स्केटिंगची निघाली. वर कासवाच्या पाठीसारखं टणक प्लॅस्टिक. उभं राहिलं की फक्कड बसत. दुकानात मी उभाच होतो, त्यामुळे पसंत केले. सायकलवर दहा पॅडल मारले आणि दोन्ही पॅड नडगीवर उतरले. गुडघे उघडे आणि नडग्या अगदी सुरक्षित, अशा थाटात मी घरी आलो. तक्त्यात लिहिलं: 'स्थलांतर करतात.'

मग कुणीतरी सांगितलं की शनिवार पेठेत पट्टे, कमरेचे बेल्ट, काठ्या वगैरे विकणारं एक जुनं दुकान आहे. तिथले गृहस्थ चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "गुडघ्याला काहीतरी दाखवा."

"दुखतो?"

"नाही. सायकलवरून पडलो तर लागू नये म्हणून."

"म्हणजे अजून दुखायचाय," ते म्हणाले. "हे दुखणाऱ्यांचं दुकान आहे. घरात कुणाचा दुखतो?"

"कुणाचाच नाही," मी ताबडतोब म्हणालो.

"भाग्यवान आहात. मग जागा अडवू नका."

तरी मी हट्टाने लवचिक कापडाची, वेल्क्रोच्या पट्ट्यांची एक जोडी घेतलीच. ती घालून मी एक पूर्ण दिवस ऑफिसला गेलो. दिवसभर घालून सोसते की नाही, ही चाचणी मीच ठरवली होती. पॅन्टच्या आत काही दिसत नव्हतं, पण दुपारपर्यंत गुडघ्यामागची कातडी सोलवटल्यासारखी झाली. बैठकीत आमच्या मॅडम बोलत होत्या. मी टेबलाखाली पॅन्ट हळूच वर सरकवली आणि एक पट्टी सैल केली. चर्रर्र असा आवाज झाला. सगळे थांबले. अर्धवट सोडणं बरं दिसेना म्हणून मी दुसरीही काढली. पुन्हा चर्रर्र. मॅडमनी वाकून पाहिलं. म्हणाल्या, "पाय बांधून घेतलेत का? बरं केलंत. जागेवर तरी सापडाल."

तक्त्यात लिहिलं: 'आवाज करतात.'

शेवटी मुलगीच मला एका सायकलच्या दुकानात घेऊन गेली. "बाबा, सीरियसली, ते एक्सेल शीट बंद कर आता." दुकानातली मुलगी पंचविशीची असेल. मुरमावर पडल्याच्या खुणा दोन्ही कोपरांवर दिसत होत्या, त्यामुळे मला तिच्याबद्दल आदर वाटला. तिने मला उभं ठेवलंच नाही. स्टुलावर बसवलं, गुडघा वाकवायला लावला, मांडीभोवती टेप धरला आणि म्हणाली, "काका, पॅड उभ्याने नाही बघायचे. सायकलवर गुडघा वाकलेलाच असतो ना?" इतकी साधी गोष्ट माझ्या सहा रकान्यांत कुठेच नव्हती. मग तिने टेप पाहिला आणि आत आवाज दिला, "स्मॉल काढ रे!"

"मीडियम बघा एकदा," मी म्हणालो.

"काका, मीडियम पाचव्या मिनिटाला खाली येईल. तुमचे पाय बारीक आहेत."

दुकानात आणखी चौघे होते. चौघांनी माझे पाय पाहिले. माझे पाय आईवर गेलेत, हे मी त्यांना सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. ते पॅड मात्र सुरेख होते. मोज्यासारखे पायात चढवायचे, पट्ट्या नाहीत. मागे जाळी, वर मांडीला धरून राहणारी रबराची कड, आणि पुढे मऊ गादी. ती हाताने दाबली तर दबते, आणि आपटली तर घट्ट होते, असं त्या मुलीने स्वतःच्या गुडघ्यावर बुक्की मारून दाखवलं. मी ते घालून दुकानात तीन उठाबशा काढल्या. माझी मुलगी बाहेर जाऊन उभी राहिली.

जखम भरली. त्यानंतरच्या रविवारी मी पॅड घालून टेकडीवर गेलो, पडलो नाही, आणि तिथून थेट विहारात आलो. ट्रॅकपँटच्या आतले पॅड काढायचे विसरलो होतो. आई आधीच आली होती, मागे खुर्चीवर. मी पुढे गेलो आणि सगळ्यांच्या देखत धाडकन गुडघे टेकले. तीनदा. काही म्हणजे काही लागलं नाही. मग विजयी वीरासारखा मागे वळलो आणि म्हणालो, "चल आई, पुढे. माझा गुडघा झाला बरा."

आई उठली नाही. "राहू दे," म्हणाली.

"अगं पण आता मी आहे ना शेजारी."

"तू आधीही होतास रे. तुझ्यामुळं नाही बसले मी खुर्चीवर." तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दोन वर्षं झाली. वाकायला होतं मला. टेकायला होत नाही. फरशीला गुडघा लागला की कळ थेट डोक्यात जाते. तू पडलास तेव्हा म्हटलं, बरं झालं, निमित्त मिळालं."

"मग सांगायचं ना!"

"कुणी विचारलं होतं?"

दोन वर्षं दर रविवारी तिचा हात माझ्या खांद्यावर होता. खाली जाताना ती खांदा घट्ट धरायची, आणि मला वाटायचं की आईचा माझ्यावर किती भरवसा आहे. मी तिकडे दुकानं पालथी घातली, मॅडमची बैठक थांबवली, उठाबशा काढल्या, आणि शनिवार पेठेतल्या त्या गृहस्थांना छाती काढून सांगितलं की घरात कुणाचाच दुखत नाही.

"एखादी गादी घेऊन बसलीस तर?" मी विचारलं.

"म्हणजे सगळ्या बायांना कळू दे, म्हातारी झाले म्हणून?" पांढऱ्या साडीतली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई मला म्हणाली. मग तिची नजर माझ्या ट्रॅकपँटवर गेली. "तू मघाशी इतका जोरात आपटलास, लागलं नाही तुला?"

मी ट्रॅकपँट वर सरकवून पॅड दाखवला. तिने गादी अंगठ्याने दाबून पाहिली, टेपवाल्या मुलीपेक्षा जास्त वेळ. मी तिथल्या तिथे काढून द्यायला निघालो, तर तिने नाक मुरडलं. "धू आधी. टेकडीचा वास येतोय."

शनिवारी संध्याकाळी धुतलेले पॅड मी तिला घालून बघितले. ती पलंगाच्या कडेला बसली, साडी गुडघ्यापर्यंत घेतली. उभं राहायला मी सांगितलंच नाही. आईचे गुडघे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. डावा आतल्या बाजूने सुजलेला होता. दोन्हींवर कातडी काळी आणि जाड झालेली. अर्धी ती वंदनेची असेल, अर्धी आमच्या घरची फरशी पुसून झालेली. मला लाज वाटली. पॅड चढवताना मी खूप सावकाश चढवला, आणि तो जिथे बसायला हवा तिथे अचूक बसला. शेवटी स्मॉलच तो.

"घट्ट होतोय का?"

"नाही."

"मागे टोचतंय?"

"नाही रे. किती विचारशील आता?"

दुसऱ्या दिवशी खांबाशेजारी बसणारी बाई आईला बघून आपण होऊन सरकली. मी शेजारी गुडघे टेकले, उघड्या गुडघ्यांनी, आणि फरशी किती टणक असते हे मला समजलं. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी धरला नाही, नुसता ठेवला. ती खाली गेली. पहिल्या वेळी मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत होतो. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी तिचं कपाळ फरशीवर इतका वेळ राहिलं की मी घाबरलो, म्हटलं, अडकली की काय. पण ती नुसतीच राहिली होती. दोन वर्षं कळ सोसत उरकलेली वंदना आता सावकाश करून घेत असावी.

बाहेर चपला घालताना ती सरकलेली बाई जवळ आली. "काय आजी, आज पुढं? खुर्ची सोडली?"

"सोडली," आई म्हणाली. "याचा गुडघा दुखत होता ना इतके दिवस. मला कोण उठवणार, म्हणून बसत होते मागं. आता याचा बरा झाला."

त्या बाईने माझ्याकडे दयेने पाहिलं. "जपा हो. या वयात गुडघे फार सांभाळावे लागतात."

"हो ना," मी म्हणालो. "फारच दुखत होता." आणि पायऱ्या उतरताना मी जरासा लंगडलो.