पाठवणीच्या वेळेचं काम

चिखलीत मी दिवसा कापडाच्या दुकानात असतो आणि लग्नसराईत एका केटररकडे पंगतीला वाढतो. आमच्यासारख्या अर्धवेळ माणसांची कामं तिथले मालक मोबाईलच्या ॲपमध्ये लावतात. ते त्यांना त्यांच्या मुलीनं शिकवलं. तेव्हापासून ते कोणाला हाक मारत नाहीत. समोरच्या माणसालाही मोबाईलवरच काम धाडतात आणि विचारतात, "आलं काय बे?"

त्याच मुलीच्या लग्नात, पाठवणीच्या वेळेला त्यांनी स्वतःला काम लावलं होतं, टेम्पोत भांडी चढवण्याचं.

"मालक, पोरगी सासरी जाऊन राह्यली अन् तुम्ही इथं काऊन?" मी विचारलं.

"मले ह्या टाइमले काम हाये," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. मुलीनं मांडवातूनच त्यांचं काम बदललं होतं. भांड्यांच्या कामापुढे आता माझं नाव होतं आणि त्यांच्या नावापुढे 'पाठवणी'.

मालकांनी ते दोनदा वाचलं आणि हातातलं पातेलं मला दिलं. "आलोच," म्हणाले.

टेम्पो भरला तरी ते आले नाहीत, म्हणून मी बघायला गेलो. नवरीची गाडी केव्हाच गेली होती. मालक बँडवाल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते, आणि तो बिचारा एका हातात ट्रंपेट धरून त्यांची पाठ थोपटत होता.