दुसरा फोटो

दिवेआगरच्या किनाऱ्यावर फोटो काढणारा एक म्हातारा भेटला होता. त्याच्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड इतकं मंद, की एका फोटोनंतर दुसऱ्यासाठी बराच वेळ थांबावं लागे.

ओहोटीच्या ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं. त्याने माझ्या आईला उभं केलं. ती पदर मुठीत धरून ताठ झाली. एक फोटो निघाला. मग तो कॅमेरा डोळ्याला लावून नुसताच उभा राहिला.

"काका, वेगवान कार्ड घ्या की," मी म्हटलं.

"न्हाय. पयला फोटो मानूस देतो. दुसरा मी घेतो."

तेवढ्यात आई त्याला विसरली. मुठीतला पदर सुटला, नजर लाटांवर गेली. तेव्हा त्याने बटण दाबलं.

माझ्या वेगवान कार्डात आईचे शेकडो फोटो आहेत. पण आता तिची आठवण आली, की मी त्याने छापून दिलेला तो दुसरा फोटोच बघतो.